माध्यम आणि मूर्ती : पेणच्या गणेशमूर्ती

शिरढोणहून महामार्गाने दक्षिणेस गेल्यावर लागणारे पेण हे विक्रीसाठी गणेशमूर्ती घडविणारे प्रसिद्ध केंद्र होय. तेथील मूर्तींची पारख बहुधा रंगावरून व डोळ्यांच्या आखणीवरून होते. माध्यमाचा विचार मागे पडतो. शाडू जड व ठिसूळ. म्हणून त्यात रुंद बैठकीची, अंगालगत हातांची आटोपशीर आकृतीच शोभते. हलके, टणक प्लास्टर उंची व पसरलेले अवयव पेलते, मात्र पाण्यात सहजी विरत नाही. २०२० मधील केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टरला मनाई केली. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या मूर्तींच्या निर्मितीस व विक्रीस मुभा दिली. निर्बंधाने कलेचा प्रश्न सुटत नाही. पार्थिव पूजेत विसर्जन गृहीतच असते. सबब प्लास्टरची भव्यता शाडूत उतरविण्यापेक्षा विरणाऱ्या मातीला साजेसा घाट साधणे, हीच मूर्तिकाराची खरी कसोटी होय.