संग्रह कीं निवड? बिआलिक यांच्या ‘किनुस’चें परीक्षण

हिब्रू कवि हायिम नाहमान बिआलिक (१८७३-१९३४) यांची काव्यकीर्ति मोठी आहे. परंतु जुन्या कागदांच्या संग्राहकांनीं विचार करावा तो त्यांच्या ‘किनुस’चा. किनुस म्हणजे गोळा करणें. रशियाच्या साम्राज्यांतील यहुदी तरुण त्या काळीं धर्मपाठशाळा सोडून बाहेर पडत होते. जुने ग्रंथ त्यांच्या हातून सुटत चालले होते. १९०३ मध्यें किशिनेव्ह येथें यहुद्यांची कत्तल झाली, तेव्हां पीडितांच्या जबान्या टिपून घेण्यास बिआलिक स्वतः गेले होते. अशा समाजास पुढें एकत्र बांधून ठेवील असें काय उरलें? या प्रश्नास त्यांनीं १९१३ मध्यें व्हिएन्ना येथील व्याख्यानांत उत्तर दिलें कीं, पूर्वजांचें विखुरलेलें वाङ्मय निवडून, लावून, एका नव्या संचांत बांधावें. पूर्वीं बायबलाचा संच ठरला, पुढें मिश्ना संकलित झाली, आणि प्रत्येक संकलनामागून नवी निर्मिति झाली; तशी ती आतांहि होईल, अशी त्यांची श्रद्धा होती.

या कल्पनेचा नमुना व्याख्यानापूर्वींच सिद्ध झाला होता. येहोशुआ राव्नित्स्की यांच्या साह्यानें १९०८ ते १९११ या काळांत बिआलिक यांनीं ‘सेफर हा-अग्गादा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. तालमूद व मिद्राश यांत धर्मनिर्णयांच्या गर्दींत विखुरलेल्या कथा, दृष्टांत व वचनें वेंचून त्यांनीं तीं विषयवार लाविलीं. अरमाईक उतारे हिब्रूंत आणिले. एका कथेचे अनेक पाठ असतील तेथें ते जोडून सलग कथा केली. हें वाचून आमच्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल. १८९८ मध्यें साधनांचा पहिला खंड छापणाऱ्या राजवाडे यांनीं आम्हांस शिकविलें तें याच्या अगदीं उलट आहे: मूळ पत्रांतील शब्द, लेखनपद्धति, तुटकी ओळ, सर्व जसेंच्या तसें ठेवावें. दोन बखरींचे पाठ शिवून कोणीं तिसरी बखर आमच्यापुढें ठेविली, तर ती आम्ही साधन म्हणून स्वीकारणार नाहीं.

तथापि ग्रंथाची परीक्षा त्याच्या हेतूस धरून व्हावी. ‘सेफर हा-अग्गादा’ ही संशोधित आवृत्ति नव्हे. तालमूदाच्या दाट पानांत ज्याचा शिरकाव होत नाहीं अशा वाचकासाठीं ती रचिलेली आहे, आणि उताऱ्यांबरोबर मूळ स्थळांचा निर्देश ठेविल्यामुळें शंका आलेल्या अभ्यासकास परतीची वाट मोकळी आहे. हा निर्देश गाळला असता तर आम्हीं ग्रंथाचा पुरस्कार केला नसता. तो ठेविला आहे, सबब शिवणकामाचा दोष आम्ही क्षम्य मानतों. भाषेची एकजिनसी ठेवण कवीच्याच हातची आहे. सामग्री जुनी आणि ग्रंथ मात्र नवा, असें येथें खरोखर घडलें आहे. घरांत व शाळेंत तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला, यांत नवल नाहीं.

आमचा आक्षेप दुसऱ्या ठिकाणीं आहे. बिआलिक निवडीबरोबर ‘गनिझा’हि सांगतात, जें निवडीस उतरलें नाहीं तें आदरपूर्वक झांकून ठेवावें. गनिझा ही मूळची प्रार्थनामंदिरांतील कोठडी. ईश्वराचें नांव असलेला जीर्ण कागद नष्ट करावयाचा नाहीं, म्हणून तो तेथें टाकीत. अशाच एका कोठडींतून, कैरोनजीक फुस्तात येथील बेन एझ्रा मंदिरांतून, सोलोमन शेख्टर यांनीं १८९६-९७ मध्यें केंब्रिजला नेलेल्या संग्रहांत सुमारें १,९३,००० तुकडे आहेत. यन्नाई या प्राचीन पालेस्टाइनांतील कवीचें नांव उरलें होतें, काव्य मात्र बहुतेक लुप्त होतें. तें या ढिगांतून वर आलें. कांहीं भाग इस्रायल डेव्हिडसन यांनीं १९१९ मध्यें छापिला. तो ग्रीक मजकूर खरडून पुन्हां लिहिलेल्या चर्मपत्रांवर होता. मोठा संग्रह मेनाहेम झुलाय यांनीं १९३८ मध्यें काढिला. हिब्रू काव्याच्या इतिहासांतील एक सबंध पायरी अशी टाकाऊ कागदांनीं परत दिली. त्याच कागदांत, मंगळुरास राहून धातूच्या भांड्यांचा कारखाना चालविणाऱ्या अब्राहम बेन यिजू या बाराव्या शतकांतील व्यापाऱ्याचीं पत्रें व हिशेबहि निघाले. उद्यांच्या निर्मितीस काय उपयोगी पडेल हें आजच्या निवडणाराला कळतें, हें गृहीत बिआलिक यांस सिद्ध करितां आलेलें नाहीं.

हा वाद आमच्या दाराशींहि येतो. कोंकणांत शनवार तेली म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्राएल समाजासाठीं १८७४ मध्यें पुण्यास पेसह सणाची हगादा हिब्रू व मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. तींतील चित्रांत लुगडीं नेसलेल्या स्त्रिया बेखमीर भाकरी करीत आहेत. सुमारें १८८० पासून मुंबईंत या समाजांतील मंडळींनीं हरिदासी कीर्तनाची धाटणी उचलून बायबलांतील आख्यानें साक्या, दिंड्या व पदें यांत बांधिलीं. हाईम सामुएल केहिमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला समाजाचा इंग्रजी इतिहास चाळीस वर्षें हस्तलिखितांत पडून राहिला, आणि १९३७ मध्यें तेल अवीव्ह येथें छापला गेला. यांपैकीं एकहि वस्तु बिआलिक यांच्या संचांत सहज बसली नसती, कारण त्यांच्या योजनेचें केंद्र हिब्रू ग्रंथ हेंच होतें. परंतु जुनें आख्यान श्रोत्यांच्या जिवंत भाषेंत नव्यानें उभें करणें, हें त्यांस इष्ट असलेलें कार्य या कीर्तनकारांनीं व्हिएन्नाच्या व्याख्यानापूर्वीं तीस वर्षें आरंभिलें होतें. १९४८ नंतर समाजांतील बहुतेक कुटुंबें इस्राएलास गेलीं. तेथेंहि मराठी सुटली नाहीं, आणि ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिक निघालें.

या कीर्तनांच्या वह्या व छापील चोपड्या ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं त्या वेंचे काढून छापूं नयेत. चालींचीं नांवें, समासांतील खुणा, खोडलेलीं कडवीं व एकाच पदाचे निरनिराळे पाठ यांसह त्या संपूर्ण उतरून घ्याव्या. त्यांतून नवें आख्यान रचणारा पुढें कोणी निघालाच, तर निवड त्याची त्यानें करावी.