कार्यस्थळाचे सुतक : आघातोत्तर पुनर्वसनविचाराची एक समीक्षा

आग, अपघात, हल्ला किंवा सहकाऱ्याचा आकस्मिक मृत्यू यांनी हादरलेला कारखाना अथवा कार्यालय पुन्हा कसे सावरते, हा प्रश्न गेल्या काही दशकांत मानसशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र या दोहोंच्या कक्षेत आला आहे. त्यावरील विवेचन बहुधा उपायांच्या अंगाने होते. कोणाला केव्हा बोलते करावे, समुपदेशक केव्हा आणावा, काम केव्हा सुरू करावे, यांचाच ऊहापोह त्यात अधिक आढळतो. हे उपाय ज्या गृहीतांवर उभे आहेत त्यांची तपासणी मात्र क्वचित होते. ती करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की शोक हा केवळ व्यक्तीच्या मनाचा व्यापार मानल्यामुळे हा विचार एका मूलभूत प्रश्नास बगल देतो. तो प्रश्न म्हणजे, कामाच्या जागेने आपले मृत कोणाला म्हणावे?

या विचाराची एक जुनी वाट एरिक लिंडेमान यांच्या १९४४ सालच्या निबंधापर्यंत जाते. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी बॉस्टन येथील कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबाला आग लागून ४९२ माणसे दगावली. त्या प्रसंगी भेटलेल्या रुग्णांच्या व आप्तांच्या निरीक्षणाचा आधार घेऊन लिंडेमान यांनी तीव्र शोकाची लक्षणे मांडली आणि वेळीच साहाय्य मिळाल्यास पुढील विकार टळू शकतात असे प्रतिपादन केले. १९८३ मध्ये जेफ्री मिचेल यांनी आपत्कालीन सेवांतील कर्मचाऱ्यांसाठी ‘डीब्रीफिंग’ची पद्धत सुचविली. घटनेनंतर थोड्याच अवधीत सर्वांना एकत्र बसवावे, काय घडले व काय वाटले ते क्रमाने बोलावयास लावावे, असे तिचे स्वरूप. पुढे ती इतर व्यवसायांतही शिरली. परंतु २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत अशा एका बैठकीच्या उपचाराने आघातोत्तर विकार टळतात याला पुरावा आढळला नाही. काही प्रयोगांत तर तो घेतलेल्यांना अधिक त्रास झाल्याचे दिसले. त्या समीक्षेतील प्रयोग प्रामुख्याने एकेकट्या व्यक्तींवरचे होते आणि मिचेल यांची पद्धत समूहासाठी होती, हा समर्थकांचा आक्षेप विचारात घेतला, तरीही जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नये असाच निर्वाळा दिला. तिच्या जागी आलेल्या मानसिक प्रथमोपचारात बोलण्याची सक्ती नाही. सुरक्षितता, अन्नपाणी, आप्तांशी गाठ आणि ऐकून घेणारे माणूस, एवढ्यावरच त्याचा भर आहे.

हे निष्कर्ष मराठी वाचकास सर्वस्वी नवे वाटू नयेत. आपल्याकडील सुतकात आणि दुखवट्यात शोकग्रस्ताला बोलावयास कोणी लावीत नाही. त्याला नित्याच्या कामांतून मोकळीक मिळते, शेजारपाजारचे अन्न घेऊन येतात, भेटीस आलेली माणसे बहुधा मुकाट्याने बसून उठतात. आणि ठरावीक दिवसांनी आप्तेष्टच येऊन दुखवटा काढतात, म्हणजे माणसाला पुन्हा व्यवहारात आणून सोडतात. सुतकामागील शुद्धाशुद्धतेची कल्पना आणि तिच्याशी जडलेला जातिविचार त्याज्य आहे, यात शंका नाही. त्यातील सामाजिक आशय मात्र वेगळा काढून पाहण्यासारखा आहे. सुतक कोणाला लागते यावरून आपला कोण हे ठरते. येथे शोकापूर्वी नाते मान्य करावे लागते. आधुनिक पुनर्वसनविचारात नेमकी हीच पायरी गाळली गेली आहे.

काय एरिक्सन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात, पश्चिम व्हर्जिनियातील बफेलो क्रीक खोऱ्यात १९७२ मध्ये आलेल्या पुराचा अभ्यास करताना, व्यक्तीचा आघात आणि समूहाचा आघात यांत भेद केला. माणसांना बांधून ठेवणारे संबंधच तुटले, तर एकेका व्यक्तीवर केलेला उपचार अपुरा पडतो, असा त्याचा इत्यर्थ. हा भेद कार्यस्थळाला लावून पाहिला पाहिजे.

मुंबईच्या गोदीतील स्फोटाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझविण्यास गेलेले ६६ अग्निशामक त्यात मृत्यू पावले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्यात मृतांना मानवंदना असते, तशीच प्रात्यक्षिके व नागरिकांना आगीविषयीचे शिक्षणही असते. स्मरण आणि कामाची सुधारणा यांची सांगड येथे घातली गेली. एका सेवेने आपले मृत आपले म्हणून मोजले आणि त्यांच्या मृत्यूला कामाच्या शिस्तीत स्थान दिले. अर्थात विधीने संकट टळत नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील इमारतीला लागलेल्या आगीत मुंबई अग्निशामक दलाचे चार अधिकारी बळी पडले, त्यांत दलाचे प्रमुखही होते. स्मरणाला साधने, प्रशिक्षण आणि चौकशी यांची जोड मिळाली नाही तर मानवंदना पोकळ ठरेल, हा धोका मान्य केलाच पाहिजे.

परंतु अग्निशामक दलाला गणवेश असतो, हजेरीपट असतो. आपला कोण हे तेथे ठरलेले असते. जेथे ते ठरलेले नसते तेथे काय होते? जालना हे पोलादाच्या सळ्यांसाठी प्रसिद्ध असलेले नगर. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे काम थांबल्यावर येथील एका पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे कामगार गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने लोहमार्गाने भुसावळच्या दिशेने पायी निघाले. ८ मे रोजी पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडनजीक, थकून रुळांवर झोपलेल्या या कामगारांवरून मालगाडी गेली आणि १६ जण मृत्यू पावले. चालकाने गाडी थांबविण्याचा प्रयत्न केला होता. मृतदेह पुढे आगगाडीनेच मध्य प्रदेशात नेण्यात आले. शासनांनी अर्थसाहाय्य जाहीर केले, रेल्वेने चौकशीचा आदेश दिला.

या घटनेत कार्यस्थळ कोणते? रेल्वेच्या बाजूने पाहिले तर ते इंजिन होते आणि तो चालकही आघातग्रस्त कामगारच होता. कारखान्याच्या बाजूने पाहिले तर मृत्यू फाटकाबाहेर, काम बंद असताना झाला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने रूढ केलेले ‘कामातून व कामाच्या ओघात’ हे सूत्र अशा मृत्यूपाशी अडखळते. उलट १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर जाण्यायेण्याच्या प्रवासभत्त्याची जबाबदारी टाकली होती. परतीची वाट हा कामाचाच भाग आहे, हे तत्त्व म्हणजे विधिमंडळाला अपरिचित नव्हते. पुनर्वसनशास्त्राला मात्र ते अद्याप अपरिचित आहे. त्यातील कोणतीही पद्धत उघडली, तरी ‘कर्मचारी’ आणि ‘परिसर’ ही दोन पदे सिद्ध मानूनच ती सुरू होते. कंत्राटी आणि स्थलांतरित कामगाराच्या बाबतीत दोन्ही पदे सिद्ध नाहीत.

याच नगरात जुन्या किल्ल्याच्या परिसरातील मस्तगडासारखी वस्ती आहे. अशा जुन्या वस्तीत मृत्यू घडला तर कोणी कोणाकडे जावयाचे हे सांगावे लागत नाही. औद्योगिक वसाहतीत शेजारच्या यंत्रावरचा माणूस गेला तर कोणी कोणाकडे जावे, याचा संकेतच तयार झालेला नाही. हा दोष माणसांच्या मनाचा म्हणता येणार नाही. तो नात्याच्या अमान्यतेचा आहे, आणि तो समुपदेशनाने भरून निघणारा नाही.

‘सावरणे’ आणि ‘पूर्ववत होणे’ यांत मराठीने भेद राखला आहे. ठेचाळलेला माणूस सावरतो तो तोल बदलून. कार्यस्थळाच्या सावरण्याचे निकषही म्हणून हजेरी व उत्पादन पूर्ववत झाले एवढ्याने पुरे होत नाहीत. मृतांची नावे कोणाच्या नोंदीत आली, त्यांच्या घरी कोण गेले, आणि कामात काय बदलले, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतील. आपल्या विभागातील अभ्यासकांनी प्रश्नावल्या घेऊन आघाताची मोजमापे जरूर करावीत. पण त्याआधी ठेकेदारांच्या वह्या, हजेरीपट आणि चौकशी अहवाल तपासून त्यांत कोणाची नावे नाहीत हे पाहावे. ज्याचे नाव नोंदीत नाही त्याच्याबद्दल शोक करण्याचा अधिकार त्याच्या सोबत्यांनाही मिळालेला नसतो.