भिवंडीची आठवण आणि ‘तमस’ : निर्वासितांच्या मानसिक आघाताचा वाङ्मयीन विचार

गोषवारा

भीष्म साहनी यांच्या ‘तमस’ या हिंदी कादंबरीची निर्मिती १९७० च्या भिवंडी दंगलीशी थेट निगडित आहे. रावळपिंडीहून निर्वासित झालेल्या लेखकाला आपला अनुभव शब्दबद्ध करण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि त्याची वाट भिवंडीच्या ओसाड गल्ल्यांतून गेली. प्रस्तुत निबंधात मानसिक आघाताच्या संकल्पनेच्या आधारे ‘तमस’ची चिकित्सा केली आहे. निर्वासिताचे दुःख मोजले जाते, पण ऐकले जात नाही, हे या कादंबरीचे मर्म असल्याचे येथे प्रतिपादन केले असून कादंबरीच्या मर्यादांचीही नोंद घेतली आहे.

बीजशब्द : फाळणी, निर्वासित, मानसिक आघात, स्मृती, भिवंडी, तमस

१. प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याला ‘निर्वासित’ हा शब्द नवा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा देण्यात आला आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथून काही मैलांवर असलेले भिवंडी हे यंत्रमागाचे शहर मात्र वेगळ्याच कारणाने फाळणीच्या साहित्याशी जोडले गेले आहे. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी भिवंडीत दंगल उसळली. जळगाव व महाड येथेही तिचे पडसाद उमटले. या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमण्यात आला. दंगलीनंतर भीष्म साहनी आपले बंधू, प्रसिद्ध अभिनेते बलराज साहनी यांच्यासोबत भिवंडीत आले होते. तेथील उद्ध्वस्त वस्त्या आणि त्यांवर पसरलेली शांतता पाहताना त्यांना मार्च १९४७ मधील रावळपिंडी आठवली आणि दिल्लीस परतल्यावर त्यांनी ‘तमस’च्या लेखनास प्रारंभ केला. ‘आज के अतीत’ या आत्मकथनात त्यांनी स्वतःच ही हकिगत सांगितली आहे. कादंबरीला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

‘तमस’ची समीक्षा बहुधा जातीयवादाचे राजकारण आणि वसाहतवादी सत्तेची भूमिका या अंगांनी झाली आहे. ती योग्यच आहे. परंतु ही कादंबरी एका निर्वासिताने लिहिली आहे आणि तिच्यात आश्रय मागणाऱ्या, आश्रय गमावलेल्या माणसांच्या मनाचा विचार आहे, या बाजूकडे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

२. आघाताची संकल्पना आणि विलंबाने येणारी स्मृती

आघातोत्तर तणाव विकार ही संज्ञा अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० साली समाविष्ट झाली. म्हणजे ‘तमस’ लिहिली गेली तेव्हा हे निदान अस्तित्वातच नव्हते. साहित्यविचारात १९९० च्या दशकात कॅथी कॅरुथ यांनी फ्रॉइडच्या विवेचनाचा आधार घेऊन असे मांडले की, आघात घडतो त्या क्षणी तो पूर्णपणे अनुभवला जात नाही. तो पुढे, पुन्हा पुन्हा, अनपेक्षितपणे परत येतो. साहनींच्या बाबतीत हा विलंब तेवीस वर्षांचा आहे. मार्च १९४७ मध्ये ते रावळपिंडीत काँग्रेसच्या मदतकार्यात सहभागी होते. त्यांनी जे पाहिले ते विसरले गेले नव्हते, पण त्याला रूपही आले नव्हते. परक्या शहरातील, परभाषिक प्रांतातील जळालेल्या घरांनी ते रूप दिले.

तथापि कॅरुथ यांची मांडणी येथे जशीच्या तशी लागू करता येत नाही. त्यांच्या विवेचनात स्मृती व्यक्तीच्या मनातूनच उसळून येते. साहनींच्या मनात ती दुसऱ्यांच्या दुःखासमोर उभे राहिल्यामुळे जागी झाली. शिवाय मानसोपचारतज्ज्ञ डेरेक समरफील्ड यांनी १९९९ साली घेतलेला आक्षेपही ध्यानात घ्यावा लागतो. युद्धग्रस्त समाजांतील दुःखाला केवळ व्यक्तीच्या मनातील विकार मानले, तर त्यामागील सामाजिक अन्याय दृष्टीआड होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. ‘तमस’चे वाचन या दोन भूमिकांच्या मध्ये ठेवणे उचित ठरते.

३. नत्थू : अपराधभावाचे ओझे

कादंबरीचा आरंभ नत्थू या चामड्याचे काम करणाऱ्या गरीब माणसापासून होतो. मुराद अली त्याला पाच रुपये देऊन एक डुक्कर मारायला सांगतो. कारण म्हणून सलोतरी साहेबाचे नाव पुढे केले जाते. दुसऱ्या दिवशी तेच डुक्कर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते आणि शहर पेटते. नत्थूवर कोणीही हल्ला केलेला नाही. तरीही कादंबरीतील सर्वांत खोल मानसिक पीडा त्याच्याच वाट्याला येते. तो गल्लोगल्ली भटकतो, मुराद अलीला गाठू पाहतो, घरी येऊन गप्प बसतो. अखेर पत्नीजवळ तो मन मोकळे करतो; पण त्या कबुलीनेही त्याची सुटका होत नाही.

आघाताच्या रूढ विचारात पीडित आणि अपराधी या दोन कोटी स्पष्ट असतात. नत्थू यांपैकी कोणत्याच कोटीत बसत नाही. त्याचा हात वापरला गेला आहे, आणि हात वापरला जाण्यामागे त्याची जात व त्याचे दारिद्र्य आहे. साहनी त्याच्या पीडेला मनाचा दुबळेपणा मानत नाहीत. ज्याने कट केला तो निश्चिंत आहे आणि ज्याला कटाची माहितीच नव्हती तो आतून पोखरला जात आहे, ही विषमता ते दाखवतात. सआदत हसन मंटो यांनी ‘टोबा टेक सिंह’ या कथेत फाळणीचे वेड लाहोरच्या मनोरुग्णालयात ठेवले. साहनींनी ते रोजच्या कामाला जाणाऱ्या माणसात ठेवले. दोन्ही लेखकांचा रोख मात्र भोवतालच्या शहाण्यासुरत्या जगाकडेच आहे.

४. हरनाम सिंह आणि बंतो : आश्रयाचे मोल

आश्रय मागणे म्हणजे काय, याचे अत्यंत सूक्ष्म चित्रण हरनाम सिंह आणि बंतो या वृद्ध दांपत्याच्या प्रसंगांत येते. चहाचे दुकान सोडून रात्रभर चालत आलेले हे दोघे एका अनोळखी दारावर थाप मारतात. घरातील वृद्ध स्त्री, राजो, त्यांना आत घेते. पुढे घरातील पुरुष लुटीची एक ट्रंक घेऊन परततात. ती हरनाम सिंहाचीच असते. कुलूप फोडण्याची खटपट चालू असताना हरनाम सिंह स्वतःच किल्ली पुढे करतो.

या एका कृतीत निर्वासिताची सारी मानसिक अवस्था सामावली आहे. किल्ली हे घराचे, मालकीचे, परतण्याच्या शक्यतेचे चिन्ह. ते लुटणाऱ्याच्या हाती देऊन तो जीव राखतो, आणि त्याच क्षणी ती वस्तू आपली असल्याचेही सांगतो. प्रतिकार आणि शरणागती येथे वेगळ्या काढता येत नाहीत. दुसरीकडे राजोचा चांगुलपणाही लेखकाने साधा ठेवलेला नाही. ती आश्रय देते ते आपल्याच घरच्यांच्या रोषाची जोखीम पत्करून, आणि अखेर रात्रीच्या अंधारात या दोघांना गावाबाहेर पोचवते. आश्रय मिळतो, पण तो टिकाऊ नसतो आणि त्यामुळे भीती सरत नाही.

गोविंद निहलानी यांनी ‘तमस’वर चित्रमालिका केली तेव्हा हरनाम सिंहाची भूमिका स्वतः भीष्म साहनी यांनी केली. १९८८ च्या प्रारंभी दूरदर्शनवरील तिच्या प्रक्षेपणास न्यायालयात आव्हान देण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाने आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले. ज्या लेखकाने गाव गमावले होते त्यानेच उतारवयात गाव गमावणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका करावी, ही बाब कादंबरीच्या वाचनालाही नवा अर्थ देते.

५. आकडे आणि कहाणी

कादंबरीच्या अखेरच्या भागात मदत समितीच्या कचेरीचे चित्रण येते. तेथील आकडेवारी लिहिणाऱ्या बाबूला मेलेले किती, जखमी किती, मालमत्तेची हानी किती, एवढेच हवे असते. समोर बसलेली माणसे मात्र आपली कहाणी सांगू लागतात. बाबू त्यांना पुन्हा पुन्हा आकड्यांकडे वळवतो. पळवून नेलेल्या मुलीच्या आईबापांचा प्रसंग याच भागात येतो. ती परत आली तर तिला घरात घ्यायचे कसे, हा प्रश्न त्यांना छळतो आणि अखेर ते तिची आशा सोडून देतात. हे दुःख बाबूच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

बाबू दुष्ट नाही, हे येथे महत्त्वाचे आहे. त्याला काम उरकायचे आहे आणि आकड्यांशिवाय मदत वाटता येत नाही. तरीही ऐकले न जाणे हा पहिल्या आघातावर झालेला दुसरा आघात ठरतो. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली आघातातून सावरण्याच्या प्रक्रियेत सुरक्षितता, स्मरणपूर्वक कथन आणि समाजाशी पुन्हा जोडले जाणे असे तीन टप्पे सांगितले. मदत समितीच्या कचेरीत पहिल्या टप्प्याची अपुरी सोय आहे; दुसऱ्याची दारे बंद आहेत; आणि तिसऱ्याचे विडंबन अमन समितीच्या बसमध्ये होते. त्या बसमध्ये बसून शांततेच्या घोषणा देणारा माणूस मुराद अली असतो, आणि त्याला ओळखू शकला असता तो नत्थू तोवर मेलेला असतो.

६. मर्यादा

‘तमस’च्या दोन मर्यादांचा निर्देश करणे आवश्यक आहे. पहिली, विहिरीत उड्या घेणाऱ्या स्त्रियांच्या प्रसंगाची. मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील थोहा खालसा येथे घडलेल्या घटनेचा आधार या प्रसंगाला आहे. साहनींचे वर्णन प्रभावी आहे, पण ते समूहाचे आहे. जसबीर पुढे चालते आणि बाकीच्या तिच्यामागून जातात. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात नकार उमटला काय, हे कळत नाही. उर्वशी बुटालिया यांच्या १९९८ मधील मौखिक इतिहासाने ही उणीव उघड केली. मरणाला त्यागाचे तेज दिले की जगलेल्या स्त्रीची लाज अधिक गडद होते.

दुसरी मर्यादा भिवंडीची आहे. ज्या शहराने कादंबरीला जन्म दिला ते शहर तिच्यात नाही. लेखकाला हा दोष देता येणार नाही. त्याने आपल्याला ठाऊक असलेली भूमी निवडली. परंतु भिवंडीच्या गल्ल्यांत घर जळालेल्या, गाव सोडून गेलेल्या कुटुंबांचे १९७० हे वर्ष दुसऱ्याच्या आठवणीचे निमित्त होऊन राहिले. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने ती माणसे निर्वासितही नव्हेत, कारण त्यांनी सीमा ओलांडली नाही. मादन आयोगाच्या अहवालात त्यांच्या साक्षी आहेत. पण आयोगापुढील प्रश्न जबाबदारी कोणाची हा होता. साक्ष देऊन घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हा प्रश्न साहित्याचा होता.

१९८४ साली भिवंडी पुन्हा पेटली. त्यानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने तेथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. ‘तमस’मधील अमन समिती दंगल संपल्यावर घोषणा देते, भिवंडीच्या समित्यांत शेजारी दंगल नसतानाही नियमित एकत्र बसत. कादंबरीने ज्याची उणीव दाखवली, ते काही अंशी त्याच शहराने घडवले.

७. निष्कर्ष

१) ‘तमस’ ही निर्वासित लेखकाच्या विलंबाने जागृत झालेल्या स्मृतीची निर्मिती असून त्या जागृतीस भिवंडीची दंगल कारणीभूत ठरली.

२) नत्थूच्या व्यक्तिरेखेतून कादंबरी पीडित व अपराधी ही सोपी विभागणी नाकारते आणि मानसिक पीडेचा संबंध जात व दारिद्र्याशी जोडते.

३) आश्रय मिळाल्याने आघात संपत नाही, कहाणी ऐकणारा मिळाल्याखेरीज निर्वासित आकडाच राहतो, हे मदत समितीच्या प्रकरणातून स्पष्ट होते.

४) स्त्रियांचे अंतर्मन आणि प्रत्यक्ष भिवंडीचे विस्थापित यांच्याबाबत कादंबरी मूक आहे.

भिवंडीने रावळपिंडीला वाचा दिली. भिवंडीच्या स्वतःच्या विस्थापितांना वाचा देण्याचे काम, त्या घटनेचे साक्षीदार हयात आहेत तोवर, मराठी आणि उर्दू लेखकांनी व अभ्यासकांनी हाती घेणे अगत्याचे आहे.