‘अस्तु’ : स्मृतिभ्रंश, शुश्रूषा आणि भाषा

दीर्घकालीन व्याधीवर आधारलेल्या कलाकृतींत रोग्याच्या यातनांचे चित्रण विपुल असते. त्याला सांभाळणे म्हणजे नेमके काय, याचा विचार मात्र क्वचितच आढळतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ (२०१३) हा चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याच्या संवादलेखनाचा गौरव झाला. भाषेच्या अंगाने त्याचा विचार होणे म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

संस्कृतचे व्यासंगी पंडित चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले आहे. कन्या इरा त्यांना मोटारीत ठेवून क्षणभर दूर होते, तोच ते रस्त्यावरील हत्तीच्या मागे निघून जातात. माहुताची कन्नडभाषक पत्नी चन्नम्मा (अमृता सुभाष) त्यांना आसरा देते, आणि शास्त्री तिच्या ठायी आई पाहू लागतात.

या कथानकात भाषेचे दोन व्यवहार समोरासमोर येतात. अशा रुग्णाच्या घरी भाषा नकळत पडताळणीचे साधन बनते. आज वार कोणता, जेवण झाले का, समोरची व्यक्ती कोण, असे प्रश्न प्रेमापोटीच विचारले जातात; परंतु उत्तर देता न येणाऱ्यास प्रत्येक प्रश्न ही परीक्षाच असते. चन्नम्माला त्यांच्या विद्वत्तेची महती ठाऊक नाही, म्हणून तिला काही पडताळून पाहावयाचे नाही. मालिनोव्स्की यांनी १९२३ साली दाखविले की, भाषेचा एक उपयोग माहिती देण्याचा नसून केवळ सहवास राखण्याचा असतो. चन्नम्माचे बोलणे या जातीचे आहे. तिच्या वागण्यात अन्न, स्पर्श आणि शब्द यांची फारकत होत नाही. शरीराची शुश्रूषा आणि मनाचा आधार ही दोन निरनिराळी कार्ये राहत नाहीत. चित्रपटाचे खरे सामर्थ्य येथे आहे.

वृद्धाला बालक मानणारे रूपक मात्र तपासून घेतले पाहिजे. शिकण्याच्या उलट क्रमाने भाषा लोप पावते, ही रोमान याकोबसन यांनी १९४१ साली मांडलेली कल्पना आकर्षक असली, तरी अल्झायमरच्या विकाराला ती सरसकट लागू पडत नाही. या विकारात नामे आठवेनाशी होतात, अर्थ निसटू लागतो. उच्चार आणि वाक्याची घडण त्या मानाने पुष्कळ काळ टिकते. बालकाची स्थिती नेमकी उलट असते. पाठांतरातील वचने ओठांवर असलेला वृद्ध पंडित हा बालक नव्हे. त्याच्या मागे एक संपूर्ण आयुष्य उभे आहे. टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात स्मृतिभ्रंश झालेल्यांना लहान मुलासारखे वागविणे हे त्यांचे व्यक्तित्व खच्ची करणाऱ्या वर्तनात गणले आहे. मराठीत तर ‘अहो’चे ‘अरे’ होताच हा अपकर्ष पूर्ण होतो. ‘अस्तु’ या दोषातून बव्हंशी सुटतो, याचे कारण असे की, मूलपण शास्त्रींवर लादलेले नाही; आईचे नाते ते स्वतः जोडतात आणि चन्नम्मा ते स्वीकारते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चन्नम्माची माया ही अल्प सहवासातील माया आहे. इरेचा थकवा दीर्घकाळ साचलेला आहे. दोहोंची तुलना प्रेक्षकाच्या मनात अपरिहार्यपणे उभी राहते आणि ती इरेवर अन्याय करते. जी आपल्या पित्याला पूर्वी ओळखत होती, तिला रोज थोडा थोडा वियोग सोसावा लागतो. अनोळखी स्त्रीला तो नाही. सांभाळणाऱ्यालाही आधार लागतो, हे सत्य चित्रपट इरेच्या अपराधभावनेतून सूचित करतो. परंतु चन्नम्माच्या तेजापुढे ते काहीसे झाकोळते.

या द्वंद्वाची किल्ली शीर्षकात आहे. ‘अस्तु’ हे ‘अस्’ धातूचे आज्ञार्थी रूप. मराठीत आपण ‘असो’ म्हणून विषय सोडून देतो आणि ‘तथास्तु’ म्हणून मागणे मान्य करतो. एकात सुटका आहे, दुसऱ्यात संमती. दीर्घ आजारात सांभाळणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकाच दिवसात अनुभवावे लागतात. चित्रपट त्यांपैकी संमतीकडे अधिक झुकतो. तरीही दोहोंमधील ताण त्याने लपविलेला नाही. शुश्रूषेला निव्वळ करुणेचा विषय न करता विचाराचा विषय करणारी कलाकृती म्हणून ‘अस्तु’ची योग्यता यातच आहे.