निळूभाऊंचा पाटील आणि आमचा वाडा

मंडळी, शिरड शहापुरात बोलायचं म्हटलं की आमची पंचाईत होते. बाहेरगावी कांट नि शंकराचार्यांवर तासभर बोललो तरी कुणी अडवत नाही. इथं समोर बालपणीचे सोबती बसलेले असतात, आणि आम्ही गणितात कितीदा आपटलो हे त्यांना तोंडपाठ असतं. तेव्हा आज तत्त्वज्ञान थोडं आणि सिनेमा जास्त. विषय निळू फुले यांची कारकीर्द.

मागच्या हिवाळ्यात एका स्नेहसंमेलनाला गेलो होतो. नववीतलं एक पोरगं मंचावर आलं. टोपी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आवाज घोगरा केलेला. म्हणालं, "बाई, वाड्यावर या." सगळा मांडव हसला. आम्हीही हसलो, खोटं कशाला बोला. नंतर त्याला जवळ बोलावून विचारलं, बाळा, निळू फुल्यांचा कोणता सिनेमा पाहिलास? म्हणालं, "सिनेमा नाही सर, मोबाईलवर पाहिलं." चार दशकांची कारकीर्द आणि तिचे उरले तीन शब्द. त्या पोराचा दोष नाही. पण हे झालं कसं, आणि त्यात हरवलं काय, ते जरा बघू.

निळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्याचे. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी माळीकाम केलं. राष्ट्र सेवा दलात वाढले आणि पगारातला काही भाग दलाला देत राहिले. कलापथकात त्यांची नाटकाची शाळा झाली. पुढं 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यानं त्यांचं नाव महाराष्ट्रभर गेलं. शंकर पाटलांचं लेखन, जोडीला राम नगरकर. लोकनाट्याच्या नटाला समोरचा श्रोता काय पचवेल नि कुठं हसेल याचा अंदाज दर मिनिटाला घ्यावा लागतो, संहिता हातात असून नसल्यासारखी. निळूभाऊंच्या सावकाश बोलण्यात जो दबा असतो ना, तो इथून आलेला आहे. शब्द टाकायचा आणि थांबायचं. पुढचं काम श्रोत्यानं करायचं.

१९६८ साली अनंत मान्यांचा 'एक गाव बारा भानगडी' आला. त्यातले झेलेअण्णा लोकांनी डोक्यावर घेतले. १९७२ साली रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचा 'सखाराम बाइंडर' आला, सोबत लालन सारंग. त्या नाटकावरून किती वादळ उठलं, प्रकरण कोर्टापर्यंत कसं गेलं, हे आमच्या वयाच्या लोकांना आठवतं. मग १९७५ ला जब्बार पटेलांचा 'सामना', १९७९ ला 'सिंहासन'. नंतर हिंदीतही बोलावणं आलं, 'कुली', 'मशाल', 'सारांश'. हिंदीनं त्यांना बहुतेक वेळा कोपऱ्यातच ठेवलं. अपवाद 'सारांश'चा. तिथला गजानन चित्रे हा शहरी पुढारी आहे. त्याच्यामागं वाडा नाही, शिवाजी पार्कातल्या म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात तो येतो, आणि तरी आपल्याला वाटतं, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे. १९९१ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेले. कारकीर्द म्हणून एवढं पुरे. यादी वाचायला आम्ही आलेलो नाही.

आता मूळ मुद्दा. आम्ही नुकतीच प्राध्यापकी धरली होती, सुटीत गावी आलो होतो. औंढ्याला महाशिवरात्रीची जत्रा. तंबूत सिनेमा, मधोमध दोरी बांधलेली, एका अंगाला बाया, एका अंगाला बाप्ये. सिनेमा कोणता होता ते विचारू नका, पाटील होता आणि पाटील निळूभाऊ होते, एवढं पक्कं. ते पडद्यावर आले की आमच्या अंगाकडून शिट्ट्या. तिकडून, दोरीपलीकडून, "मुडदा बशिवला तुझा!" चित्र तेच, संवाद तोच. आमच्या बाजूला तो नायकाहून भारी माणूस होता, त्यांच्या बाजूला तो खराखुरा पाटील होता. एकाच तंबूत दोन सिनेमे चालू होते.

निळूभाऊ खऱ्या आयुष्यात सभ्य, चळवळीतला, साधा माणूस. तरी बायका त्यांना समोरासमोर शिव्या घालायच्या, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ही गोष्ट नेहमी गंमत म्हणून सांगतात, की बघा, केवढा मोठा नट! पण आमच्या शास्त्रात, म्हणजे भारतीय रससिद्धांतात, ही गंमत नव्हे, हा दोष आहे. भट्टनायकानं साधारणीकरण सांगितलं. रंगभूमीवरचं दुःख रामाचं राहत नाही, सीतेचं राहत नाही, कुणाचंच खासगी राहत नाही. म्हणून आपण ते चाखू शकतो. काश्मीरच्या अभिनवगुप्तानं हजार वर्षांपूर्वी रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली. त्यांतलं एक असं: प्रेक्षक आपल्याच गावात, आपल्याच काळात अडकून पडतो, हे माझं, हे त्याचं, ही गाठ सुटत नाही. दोरीपलीकडच्या बायांची गाठ सुटली नव्हती. शास्त्राप्रमाणे त्यांना रस मिळाला नाही.

तीसेक वर्षं आम्ही वर्गात हे असंच शिकवलं. आज म्हणतो, शास्त्र थोडं कमी पडतं. त्या बायांची गाठ सुटू नये हेच निळूभाऊंचं काम होतं. त्यांच्या आधीचे खलनायक ओरडायचे, मिशा पिळायचे. ओरडणारा दुष्ट सर्वसाधारण असतो, तो कुठल्याच गावचा नसतो. निळूभाऊंनी आवाज खाली आणला. डोळे अर्धे मिटले. हुकूम द्यायच्या जागी चौकशी ठेवली, काय बाई, बरं आहे ना, पोरंबाळं? धमकी सगळी त्या बरं आहे नात. असं कोण बोलतं हे बायांना माहीत होतं. आम्हां बाप्यांना ती फक्त लकब वाटली, म्हणून आम्ही शिट्टी मारली.

'सामना'त हे फार पुढं गेलं. वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं गेली. त्याच साली जिल्हा परिषदा आल्या. साखर कारखाने, पतपेढ्या, संस्था उभ्या राहत होत्या. ऊस आपल्याला परका नाही, इथून वसमत ते किती लांब! जुन्या पाटलाची खुर्ची गेली आणि त्याच माणसाला चार नव्या खुर्च्या मिळाल्या. तेंडुलकरांनी लिहिलेला हिंदुराव धोंडे पाटील हा तो माणूस. गावाचं भलं करतो आणि ते खरंच करतो, हे लक्षात घ्या. श्रीराम लागूंचा मास्तर दारुडा, फाटका. पाटील त्याला घरात ठेवतो, जेवू घालतो, बाटली पुरवतो, आपलं साम्राज्य हिंडून दाखवतो. मास्तर एवढंच विचारत राहतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढं काय झालं. त्या प्रश्नावर निळूभाऊंचा चेहरा बघा. राग आधी येत नाही. आधी येतो तो दुखावलेपणा, एवढं केलं आणि हा हेच विचारतो! अपराध्याला आपण अन्यायग्रस्त आहोत असं मनापासून वाटतं, हे नीतिशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पुष्कळ वाचलं. ते दिसलं मात्र तिथं.

'सिंहासन'मध्ये तर बाजूच पालटली. अरुण साधूंच्या कादंबऱ्या, पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, त्यांची खुर्ची ओढायला निघालेले लागू. आणि निळूभाऊ? दिगू टिपणीस, वार्ताहर. सगळं पाहणारा, सगळं ठाऊक असणारा, काहीच न करू शकणारा. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. ज्यानं जन्मभर सत्ता वठवली त्याच्याच चेहऱ्यावर सत्तेचा साक्षीदार बसवणं, ही जब्बार पटेलांची निवड आम्हांला मराठी सिनेमातल्या फार मोठ्या निवडींपैकी वाटते.

एक मात्र कबूल करायला हवं. 'सामना'नंतरही निळूभाऊंनी साचातले पाटील ढिगानं केले. पोटापाण्याचा धंदा होता, निर्मात्याला तेच हवं होतं. त्यांतले बरेच सिनेमे आज बसून बघवत नाहीत. पुढं टीव्हीनं दुपारच्या वेळी तेच पुन्हापुन्हा दाखवले, नकलाकारांनी त्यातून लकब तेवढी उचलली. म्हणजे शेवटी साधारणीकरण झालंच की! पाटील कुणाचाच राहिला नाही, आणि मग त्याच्यावर हसायला सगळे मोकळे. स्नेहसंमेलनात हसताना आम्हीही मोकळेच होतो.

पण आम्ही मोकळे असायला नको होतो. इथल्या जुन्या लोकांना माहीत आहे, आमच्या घराला वाडाच म्हणायचे. दगडी चौकट, खिळ्यांचा दरवाजा, बाहेर ओटा. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं शेणापाण्याला येणारी एक बाई आमच्या आईला म्हणाली, "माय, त्या शिनेमातल्या वाड्याचा दारवाजा आपल्या वाड्यावानीच कामून हाय?" आम्ही ओट्यावर पुस्तक वाचत होतो. आईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि तिला ताक दिलं. आम्ही मनातल्या मनात हसलो, की अडाणी बाई, सिनेमा आणि खरं यातला फरक कळत नाही. त्यावर पुढं वर्गात उदाहरण म्हणूनही सांगितलं, पोरं हसायची. आजोबांच्या काळात त्या दरवाजातून कोण कोण आत आलं आणि कसं, हे आम्ही आईला कधी विचारलं नाही. आई गेली. त्या बाईही गेल्या. वाड्याचा दरवाजाही आता विकला गेलाय. पुण्याच्या कुणीतरी हौसेनं नेला, बंगल्याला लावायला.

आज रात्री शाळेच्या मैदानावर 'सामना' दाखवणार आहेत, संयोजकांनी आमचा हट्ट पुरवला. आणखी एक हट्ट आहे. बायांना मागं, कडेला बसवू नका. पुढं बसू द्या, अगदी पडद्याजवळ. आम्ही मागं बसू. आमचे कान जरा कमी झालेत, पण पाटील मास्तरला पहिल्यांदा जेवायला वाढतो तेव्हा तिकडून काय आवाज येतो, तेवढं आम्हांला ऐकायचं आहे.