मधल्या वर्षांची पत्रे

आमच्या मालवणीत धर्म सोडणाऱ्यासाठी हाताशी असलेला शब्द म्हणजे ‘बाटलो’. तो सोडणाऱ्याचा नाही, मागे राहिलेल्यांचा शब्द आहे. परत येणाऱ्यासाठी ‘शुद्धी’ हा शब्द आहे. १९२८ साली मसूरकर महाराजांनी गोव्यात हजारो ख्रिस्ती गावड्यांना हिंदू धर्मात घेतले, त्या प्रकरणाने तो शब्द आपल्या सरहद्दीपाशी येऊन उभा राहिला. गेला आणि परत आला, या दोन क्रियापदांत आपली धर्मांतराची सगळी चर्चा मावते. पण जो कुठे गेलेला नाही आणि परतलेलाही नाही, नुसता ऐकलेल्या श्रद्धेचे एकेक वाक्य बोटाने दाबून पाहतो आहे, त्याला काय म्हणायचे?

हा प्रश्न मला अभ्यासातून पडलेला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मालवण तालुक्यातल्या एका ख्रिस्ती घरात मी वाढलो. खुरसासमोर लदीन, रविवारी दोतोर्न, ठरल्या वेळी कुमसार. काही विचारले की आई म्हणायची, ‘देवाकडे हिशोब मागूचो नसता.’ पंचविशीत मी कुमसाराला जाणे थांबवले. तेव्हापासून आजपर्यंत मला ज्यांनी म्हणून विचारले त्यांनी एकच विचारले, ‘मगे आता तू हिंदू झालंस काय?’ घरच्यांनी रडत विचारले, बाहेरच्यांनी खूश होऊन. दोघांनाही ‘नाही’ हे उत्तर पुरेसे वाटले नाही.

मराठीतल्या ख्रिस्ती वाङ्मयाकडे मी वळलो तो या अडचणीमुळे. आपल्या शेजारच्या गोव्यात, १६१६ साली रायतूरला छापलेल्या फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात केली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ संवादरूप आहे. नवे ख्रिस्ती झालेले लोक पाद्रीगुरूला प्रश्न विचारतात आणि गुरू उत्तरे देतो. भाषेच्या गोडीबद्दल या ग्रंथाचे जे कौतुक होते ते रास्तच आहे. मात्र त्यातला प्रत्येक प्रश्न उत्तराच्या सोयीने विचारलेला आहे. विचारणारा पायरी ठेवतो, गुरू वर चढतो. उत्तर ऐकून ‘हे मला पटले नाही’ म्हणणारा तिथे कोणी नाही, आणि तसे म्हणणाऱ्याचे काय झाले असते तेही उघड आहे. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन बसलेले होते. पुढे बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ (१८८८) वाचले. त्यात शंका भरपूर आहेत, पण त्या सगळ्या जुन्या धर्माबद्दल. बाप्तिस्म्याच्या पाण्याशी त्या संपतात. नीळकंठशास्त्री, म्हणजे नेहेम्या गोऱ्हे यांची शंकांनी बाप्तिस्म्यानंतरही पाठ सोडली नाही, हे त्यांच्या चरित्रातून कळते; पण ते इतरांनी सांगितलेले.

‘पटले नाही’ असे स्वतःच्या हाताने आणि सविस्तर लिहिलेले मला पहिल्यांदा भेटले ते पंडिता रमाबाईंच्या पत्रांत. आणि ते इंग्रजीत.

या पत्रसंग्रहाचा इतिहासच बोलका आहे. इंग्लंडमध्ये वाँटेज येथील सेंट मेरी मठात ज्यांनी रमाबाईंना धर्मशिक्षण दिले त्या सिस्टर जेराल्डिन यांनी पुढे ही पत्रे जुळवली आणि मधूनमधून स्वतःचे निवेदनही जोडले. शिष्येशी ज्यांचे भांडण झाले त्यांनीच तिची बाजू जपून ठेवली. ती छापली गेली १९७७ साली, तीही कोणा मिशनकडून नव्हे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने, अ. भि. शहांसारख्या विवेकवाद्याच्या संपादनाखाली ती काढली. देवदत्त नारायण टिळकांचे रमाबाईचरित्र १९६० चे, म्हणजे या छपाईच्या आधीचे. आपल्याकडे रमाबाईंविषयीची मते पक्की झाली ती ही पत्रे सर्वांच्या हाती येण्यापूर्वी, हे लक्षात ठेवले पाहिजे.

घटनाक्रम परिचित आहे, म्हणून थोडक्यात. १८७४ च्या दुष्काळात आईबाप गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याने ‘पंडिता’ म्हणून गौरवले. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंड गाठले आणि २९ सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. नंतर त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्या हाताखाली शिकू आणि संस्कृत शिकवू लागल्या. १८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला गेल्या. मला म्हणायची आहेत ती मधली दोन-अडीच वर्षे.

या वर्षांत रमाबाई काय विचारतात? त्रैक्याचा सिद्धान्त बायबलातून निघतो की चर्चने तो नंतर बांधला? येशू देवच होता, हे कशावरून? कुमारीच्या पोटी जन्म, हे कसे मानायचे? अथानासियसच्या नावाने चालणारा मतांगीकार न मानणाऱ्याला सरळ नरकात धाडतो. तो त्यांच्या घशाखाली उतरत नाही. बाप्तिस्मा घेतला म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रत्येक सिद्धान्त न वाचता सही करून दिला असे नव्हे, ही त्यांची भूमिका. पुरोहितांच्या एका जोखडातून नुकती मान सोडवलेल्या बाईला दुसरे जोखड नको आहे, आणि हे त्या बिशपांच्या संदर्भात स्पष्ट लिहितात. वादविवादाची ही रीत मठाने त्यांना दिलेली नव्हती. ती अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरची होती. पूर्वपक्ष नीट मांडायचा, मग प्रमाण मागायचे. जेराल्डिनना ही रीत अहंकाराची वाटली. बील यांनी मात्र धीर धरून उत्तरे दिली.

पण केवळ सिद्धान्तांची यादी केली तर पत्रांचे मर्म निसटते. खरा झगडा बारीकसारीक गोष्टींत दिसतो. ताटातल्या अंड्याच्या पदार्थावरून वाद आहे. मांसमच्छी आणि अंडी न खाणे हा जातीचा ताठा आहे, असे मठाला वाटते. रमाबाई आपल्या पूर्वजांच्या चालीरीती शक्य तेवढ्या पाळणार म्हणतात आणि स्वतःला हिंदू म्हणवून घ्यायलाही कचरत नाहीत. क्रूसावर लॅटिन शब्द कोरायचा विषय निघतो. रमाबाईंचा सवाल असा की लॅटिनच का, संस्कृत का नको? ब्राह्मणांना संस्कृतचे जे वाटते तेच तुम्हांला लॅटिनचे वाटते की काय? या एका प्रश्नात मला ख्रिस्तपुराणातल्या साऱ्या प्रश्नांहून अधिक धार दिसते, कारण विचारणारीला उत्तर आधी ठाऊक नाही. मग इंग्रज तरुणांना शिकवण्याचा प्रश्न येतो. लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली की पुरुषांना शिकवले तर हिंदुस्थानात हिची पत राहणार नाही. कलकत्ता-पुण्याच्या भरसभांत पुरुषांसमोर बोललेल्या बाईला हे ऐकावे लागले. त्यांचा संताप अजून त्या पानांतून जाणवतो.

एक गोष्ट आपले अभ्यासक भरभर ओलांडून जातात, पण मी तिथे नेहमी थांबतो. या सगळ्या काळात रमाबाई कोणाच्या अन्नावर होत्या? मठाच्या आणि मठाच्या स्नेह्यांच्या. मनोरमा पुष्कळ वेळ वाँटेजच्या सिस्टरांच्या सांभाळात असे, आणि तिला काय शिकवायचे यावरून तंटा चालू होता. कानांचा त्रास वाढत चालला होता, त्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत बुडाला होता. परत जायला घर नव्हते, जात नव्हती, नवरा नव्हता. अशा स्थितीत पोशिंद्याला ‘तुमचा देव मला नीट समजावून द्या, नाहीतर मी मानणार नाही’ असे लिहायचे. शंका ही फुरसतीत करायची गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशोब करून पाहावा. (माझ्या बाबतीत एवढे काही नव्हते. दिवाळीच्या करंज्या आणि नाताळच्या नेवऱ्या दोन्ही घरांतून येत राहिल्या. पण वडिलांच्या मातीला मी चर्चच्या आत बसावे की दाराशी, यावर घरात दोन दिवस अबोला होता. मी दाराशी बसलो.)

गंमत अशी की १८८५ मध्येच इकडे पुण्यात जोतीराव फुले ‘सत्सार’मध्ये रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू लढवत होते. जोतीरावांना ब्राह्मणी धर्म सोडणारी बाई दिसत होती. जिथे ती गेली तिथेही ती भांडते आहे, हे इकडे कोणाला दिसत नव्हते. विरोधकांना तर नाहीच. १८९३ मध्ये ‘केसरी’ने शारदा सदनावर जी झोड उठवली तिच्यात रमाबाई म्हणजे नुसता मिशनचा हात.

रमाबाईंची शेवटची भूमिका ही नाही, हे मला माहीत आहे. १८९१ च्या सुमारास त्यांना निराळा अनुभव आला, १९०५ मध्ये मुक्तिसदनात मोठे धर्मजागरण झाले, आणि १९०७ च्या इंग्रजी साक्षीत त्यांनी मागे वळून सांगितले की इंग्लंडमध्ये आपल्याला धर्म मिळाला होता, पण खुद्द तारणारा भेटला नव्हता. त्यामुळे ख्रिस्ती चरित्रकार मधल्या वर्षांकडे वाटेतला खळगा म्हणून पाहतात. हिंदू वाचक म्हणतो, बघा, शेवटी मिशनरीच झाली. दोघेही १८८५ ची पत्रे १९०७ च्या टोकाकडून वाचतात. माझा आक्षेप नेमका या वाचनाला आहे. पत्र लिहिणाऱ्या रमाबाईंना १९०७ माहीत नव्हते. साक्ष ही शेवट कळल्यावर लिहायची गोष्ट आहे. पत्र अंधारात लिहिले जाते. साक्षीला पत्रांचा न्यायाधीश नेमायचे कारण काय? पुढे त्या ठाम झाल्या म्हणून आधीचे प्रश्न सुटले असे होत नाही. ते तसेच तिथे आहेत.

१९०७ मध्येच लंडनला एडमंड गॉस यांचे ‘फादर अँड सन’ निघाले. प्लिमथ ब्रदरन या अतिकडक पंथात वाढलेल्या मुलाची ही आठवण. वडील समुद्रजीवांचे अभ्यासक. ओहोटीला खडकांच्या डबक्यांत वाकून ते जीव गोळा करत आणि घरी येऊन जगाच्या अंताची वाट पाहत. आमच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला ती डबकी चटकन दिसतात. मुलगा अखेर त्या श्रद्धेतून बाहेर पडला, आणि कुठे गेला असे त्याला कोणी विचारले नाही. तो लेखक झाला, पुरे झाले. इंग्रजीत अशा माणसासाठी जागा तयार होती. रमाबाईंना मराठीत ती नव्हती, म्हणून त्यांची शंका परक्या भाषेत राहिली. त्यांचे इंग्लंडच्या प्रवासाचे पत्र आणि अमेरिकेचे वर्णन मराठीत आहे, मतांगीकारावरचे भांडण नाही.

नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, तीही याच रांगेत बसवली जाते. मला ते पटत नाही. टिळकांचे भांडण मिशनच्या मालकीशी होते, ख्रिस्ताशी कधीच नव्हते. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यांच्या ‘देवाच्या दरबारा’त जागा होती, हे मोठेच, पण तो भक्ताचा दरबार होता. रमाबाईंची चौकशी त्याहून कोरडी आणि त्याहून एकटी आहे.

मात्र एक गोष्ट राहतेच. सगळी पत्रे इंग्रजीत, पण त्रैक्यावर आणि बिशपांवर वाद चालू असतानाच्या काळातही रमाबाई जेराल्डिनना हाक मारतात ती ‘आजीबाई’ अशी. मी आईला ते पान वाचून दाखवले होते. तिला वाद काही कळला नाही. ‘आजीबाई म्हणता मां,’ ती म्हणाली, ‘मगे तुटला खंय?’