आरोग्यसंस्थांतील पर्यावरण परीक्षण आणि व्यूहरचनात्मक नियोजन : जामखेड व गडचिरोली येथील प्रयोगांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

कोणतीही संस्था पोकळीत काम करीत नाही. तिच्याभोवती समाज, शासन, अर्थव्यवस्था, तंत्रज्ञान आणि लोकांच्या धारणा यांचे एक जाळे असते. या जाळ्यात होणारे बदल वेळीच ओळखून त्यांच्या आधारे संस्थेची पुढील दिशा ठरविणे याला व्यवस्थापनशास्त्रात पर्यावरण परीक्षण आणि व्यूहरचनात्मक नियोजन असे म्हटले जाते. येथे 'पर्यावरण' हा शब्द निसर्ग या अर्थाने नव्हे, तर संस्थेच्या भोवतालची परिस्थिती या अर्थाने वापरलेला आहे. फ्रान्सिस अॅग्विलार यांनी १९६७ मध्ये या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि माहिती मिळविण्याच्या चार पद्धती सांगितल्या : हेतूविना होणारे अवलोकन, विशिष्ट विषयाकडे लक्ष ठेवून केलेले अवलोकन, अनौपचारिक शोध आणि औपचारिक शोध. पुढे इगॉर अॅन्सॉफ यांनी १९७५ मध्ये 'क्षीण संकेत' ही कल्पना मांडली. मोठा बदल येण्यापूर्वी त्याची अस्पष्ट चाहूल लागते आणि ती ज्याला ऐकू येते तो सावध होतो, असा तिचा आशय आहे.

ही मांडणी मुळात उद्योगसंस्थांसाठी झाली. नंतर ती रुग्णालये व आरोग्यसंस्थांच्या व्यवस्थापनात आली आणि आज रुग्णालय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांतून शिकविली जाते. मात्र उद्योगाच्या चौकटीत घडलेली ही संकल्पना आरोग्यसेवेला कितपत लागू पडते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन प्रयोगांच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. पहिला प्रयोग जामखेड येथील सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाचा आणि दुसरा गडचिरोली येथील 'सर्च' या संस्थेचा आहे.

प्रचलित चौकटीची गृहीतके :

प्रचलित पद्धतीत पर्यावरण परीक्षण म्हणजे राजकीय, आर्थिक, सामाजिक व तांत्रिक घटकांची यादी करणे आणि त्यावरून संस्थेची बलस्थाने, उणिवा, संधी व धोके यांचा तक्ता मांडणे होय. मूल्यांकनाच्या निमित्ताने महाविद्यालयांनाही असा तक्ता भरावा लागत असल्याने प्राध्यापकवर्गाला तो अपरिचित नाही. तक्ता भरणे आणि परिस्थिती समजून घेणे यांत किती अंतर पडू शकते, याचा अनुभवही अनेकांच्या गाठीशी असेल.

या पद्धतीमागे तीन गृहीतके आहेत. पहिले असे की, पर्यावरण संस्थेच्या बाहेर तयार स्थितीत असते आणि संस्थेने ते केवळ पाहावयाचे असते. दुसरे असे की, पाहण्याचे काम वरिष्ठ व्यवस्थापनाचे असते. तिसरे आणि आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे गृहीतक म्हणजे लोकांची गरज मागणीच्या रूपाने व्यक्त होते. ज्या वस्तूला मागणी नाही ती बनवू नये, हे उद्योगाला शोभते. आरोग्याच्या क्षेत्रात मात्र ज्याची गरज सर्वांत तीव्र, त्याचीच मागणी सर्वांत क्षीण असू शकते. ही तिन्ही गृहीतके पुढील प्रयोगांवर पडताळून पाहता येतात.

जामखेड : योजनेची दुरुस्ती :

डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे कामास प्रारंभ केला. दोघांनीही अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेले होते. परंतु जामखेडच्या परिसराने त्यांच्यापुढे जे प्रश्न ठेवले ते वैद्यकाच्या पुस्तकातील नव्हते. दुष्काळाच्या त्या वर्षांत लोकांची पहिली निकड औषधाची नव्हती, पाण्याची व अन्नाची होती. प्रकल्पाने ती निकड स्वीकारली आणि कूपनलिकांचे काम हाती घेतले. या कूपनलिका दलित वस्तीत होतील असे पाहिले गेल्याने इतरांना पाण्यासाठी त्या वस्तीत जावे लागले. पाण्याचा प्रश्न, अतिसाराचा प्रश्न आणि अस्पृश्यतेचा प्रश्न एकाच कृतीत गुंतलेले आहेत, हे येथे ओळखले गेले. सामाजिक घटक आणि आरोग्यविषयक घटक वेगवेगळ्या रकान्यांत लिहिणाऱ्या तक्त्याला ही गुंतागुंत सहसा दिसत नाही.

दुसरी दुरुस्ती अधिक मूलगामी होती. गावपातळीवरील काम प्रशिक्षित परिचारिकांकडून करून घ्यावे, ही आरंभीची योजना होती. ती फारशी यशस्वी झाली नाही, कारण बाहेरून आलेली परिचारिका गावात रुळत नव्हती आणि गावही तिला आपले मानीत नव्हते. त्यानंतर गावातीलच स्त्रियांना निवडून त्यांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचा मार्ग पुढे आला. यांतील अनेक जणी निरक्षर होत्या व उपेक्षित जातींतून आलेल्या होत्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत आणि आपापल्या गावातील परिस्थिती सांगत. म्हणजेच प्रशिक्षणाचा वर्ग हाच परीक्षणाचा वर्ग होता. वर्षातून एकदा भरणाऱ्या नियोजन बैठकीची जागा येथे सततच्या संवादाने घेतली. पाहण्याचे काम वरिष्ठांचे, हे दुसरे गृहीतक जामखेडने असे मोडून काढले.

प्रकल्पाच्या नोंदीनुसार तेथील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजारी १७६ होते, ते २००४ पर्यंत २४ वर आले. या आकड्यांचे मोल मोठे आहे. तथापि याच काळात राज्यातील बालमृत्यूही घटत होते. त्यामुळे घटीचा नेमका किती भाग प्रकल्पामुळे, हे केवळ या आकड्यांवरून सिद्ध होत नाही. ही मर्यादा नोंदविल्याने प्रयोगाचे महत्त्व उणावत नाही, पण पुराव्याचे स्वरूप स्पष्ट होते.

गडचिरोली : मौनाची मोजणी :

पुराव्याचा हा प्रश्न गडचिरोलीत अधिक काटेकोरपणे हाताळला गेला. १९८२ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च'ची स्थापना केली. त्यांचेही शिक्षण जॉन्स हॉपकिन्स येथेच झाले होते. दोन खेड्यांतील स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी करून केलेला त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. मात्र त्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांची पूर्वी कधी तशी तपासणी झालेली होती.

या दोन आकड्यांमधील अंतर हाच प्रस्तुत चिकित्सेचा केंद्रबिंदू आहे. एखाद्या रुग्णालयाने केवळ आपल्या बाह्यरुग्ण विभागाच्या नोंदी चाळून नियोजन केले असते, तर या परिसरात स्त्रीरोगांचा प्रश्न किरकोळ आहे असाच निष्कर्ष निघाला असता. नोंदवहीत जे नाही ते परिसरातही नाही, असे मानणे ही आरोग्य नियोजनातील सर्वांत महागडी चूक ठरू शकते. लाज, अंतर, पैसा आणि सोसण्याची सवय यांमुळे गरज मुकी राहते. तिला मागणीचे रूप येत नाही. तिसरे गृहीतक येथे पूर्णपणे कोसळते.

लोकांमधील नोंदी ठेवण्याच्या याच शिस्तीतून पुढची वाट सापडली. बालकांमधील न्यूमोनियावर गावपातळीवर उपचार केल्याने बालमृत्यू घटतात, हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उरलेल्या मृत्यूंत नवजात बालकांचा वाटा मोठा होता. त्यामुळे ३९ गावांत गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्यात आली आणि तुलनेसाठी ४७ गावे घेण्यात आली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेतील गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. येथे प्रत्येक टप्प्याचा निष्कर्ष पुढील टप्प्याची योजना ठरवीत गेला. हेन्री मिन्ट्झबर्ग यांनी आधी आखलेली व्यूहरचना आणि कृतीतून आकाराला येणारी व्यूहरचना असा जो भेद केला आहे, त्याचे हे बोलके उदाहरण आहे.

तथापि हा प्रवास निर्दोष नव्हता. प्रारंभीच्या काळात संस्थेने आदिवासींमधील सिकलसेल या रक्तदोषाचा अभ्यास केला. वैज्ञानिकदृष्ट्या तो महत्त्वाचा होता, पण लोकांना तो आपला प्रश्न वाटला नाही. ही चूक डॉ. अभय बंग यांनी स्वतःच जाहीरपणे मान्य केली आहे. पुढे रुग्णालय उभारताना मात्र आदिवासींना ते कसे हवे हे विचारले गेले. परिणामी ते झोपड्यांच्या रचनेचे झाले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

येथे एक तात्त्विक अडचण उभी राहते. सिकलसेलची मागणी लोकांनी केली नव्हती, म्हणून तो अभ्यास चूक ठरला. स्त्रीरोगांबाबतही उघड मागणी नव्हती, तरी तो अभ्यास योग्य कसा? याचे उत्तर असे देता येईल की, स्त्रीरोगांचे दुःख स्त्रिया प्रत्यक्ष भोगीत होत्या. विचारणारे आणि ऐकणारे माणूस भेटताच ते शब्दांत आले. सिकलसेलचा प्रश्न मात्र प्रथम संशोधकाच्या दृष्टीत जन्मला. न बोललेली गरज आणि बाहेरून लादलेली गरज यांतील हा भेद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. तो लोकांच्या सहवासातच कळतो.

प्रयोगाकडून धोरणाकडे :

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी 'आशा' कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. २०११ मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश झाला. त्यानुसार ठरावीक दिवशी गृहभेटी आणि त्यासाठी ठरावीक मोबदला अशी रचना झाली. प्रयोगातील कृती धोरणात आली, ही निश्चितच मोठी उपलब्धी आहे. परंतु कृतीबरोबर परीक्षणाची रीत आली का, हा प्रश्न उरतो. जामखेडची कार्यकर्ती केंद्रात येऊन गावाची परिस्थिती सांगत असे आणि त्यावरून योजना बदलत असे. 'आशा' ठरलेल्या नमुन्यात आकडे भरून वर पाठविते. त्या नमुन्यात काय विचारावे हे ती ठरवीत नाही. २०२० मधील 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत घरोघरच्या सर्वेक्षणासाठी तिचे पाय अपरिहार्य ठरले; तिच्या निरीक्षणाला नियोजनात तेवढेच स्थान मिळाले असे म्हणता येणार नाही. माहिती गोळा करणारा हात आणि निर्णय घेणारे डोके यांची ही फारकत म्हणजे प्रचलित चौकटीचे दुसरे गृहीतकच नव्या रूपात परत येणे होय.

अर्थात दोन्ही प्रयोगांनाही मर्यादा आहेत. दोहोंच्या केंद्रस्थानी असामान्य निष्ठेची दांपत्ये होती. त्यांनी आयुष्यभर एकाच परिसरात राहून मिळविलेला विश्वास बदल्यांच्या चक्रात फिरणाऱ्या शासकीय अधिकाऱ्याकडून अपेक्षिणे वास्तवाला धरून नाही. म्हणून व्यक्तीच्या निष्ठेचे अनुकरण करण्यापेक्षा ऐकण्याची यंत्रणा संस्थेत कशी रुजविता येईल, याचा विचार होणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. आरोग्यसंस्थेचे पर्यावरण परीक्षण रुग्णालयाच्या नोंदींवर थांबू नये. जे रुग्णालयात आलेच नाहीत त्यांच्यापासून ते सुरू व्हावे.

२. परीक्षण हा वार्षिक उपचार नसून नियमित संवाद आहे. गावपातळीवरील कार्यकर्तीला त्यात केवळ माहिती पुरविणारी न मानता नियोजनातील सहभागी मानावे.

३. लोकांनी न मागितलेली प्रत्येक सेवा निरर्थक नसते आणि तज्ज्ञांना महत्त्वाचा वाटणारा प्रत्येक प्रश्न लोकांचा नसतो. या दोहोंतील विवेक हाच नियोजनाचा खरा कस आहे.

४. योजना चुकली हे मान्य करण्याची मुभा संस्थेत असली तरच परीक्षणाला अर्थ उरतो.

व्यवस्थापनाच्या वर्गात बलस्थाने व उणिवांचा तक्ता शिकविताना या दोन प्रयोगांचा अभ्यास जोडला, तर विद्यार्थ्याला त्या तक्त्याचा उपयोगही कळेल आणि त्याची सीमाही. ज्या ९२ टक्के स्त्रियांचे दुखणे कोणत्याही नोंदवहीत नव्हते, त्यांना संस्थेच्या पर्यावरणात स्थान आहे की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावर आरोग्य नियोजनाची गुणवत्ता ठरणार आहे.